श्रवणाचा वारसा : साष्टीच्या उत्तर किनाऱ्यावरील भाषाव्यवहाराचा इतिहास

१

श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही भाषेची चार मूलभूत कौशल्ये होत, असे भाषाशिक्षणाचे ग्रंथ सांगतात. मूल प्रथम ऐकते, मग बोलते, नंतर वाचते आणि अखेरीस लिहू लागते. तेव्हा ही चारही कौशल्ये एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत, अशी सर्वसाधारण समजूत असते. एकाच भाषेत वाढणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हा क्रम बव्हंशी खरा आहे. समाजाच्या बाबतीत मात्र तो गृहीत धरता येत नाही. कोणत्या भाषेत ऐकावयाचे, कोणत्या भाषेत प्रार्थना करावयाची, कोणत्या लिपीत लिहावयाचे आणि मुळात लिहावयाचे कोणी, हे प्रश्न समाजात राज्यसत्ता, धर्म, व्यापार आणि शाळा यांच्या हातून सुटत असतात. एकाच माणसाची चार कौशल्ये तीन वेगवेगळ्या भाषांत वाटली गेल्याची उदाहरणे इतिहासात विरळ नाहीत.

अशा वाटणीचा अभ्यास करण्यास ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदरचा परिसर विशेष उपयुक्त आहे. साष्टी बेटाच्या उत्तर टोकाचा हा प्रदेश. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र. खाडीकाठी घोडबंदर, चेणे, काशी, मिरे, नवघर, गोडदेव, राई, मुर्धे व मोर्वे ही गावे, आणि पूर्वी धारावी बेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात उत्तन, पाली, चौक, डोंगरी व तारोडी. कोळ्यांची मासेमारी, आगऱ्यांची शेती व मिठागरे आणि ख्रिस्ती झालेल्या स्थानिक कुटुंबांची शेतीवाडी यांवर येथील जुने जीवन उभे होते. या लहानशा पट्ट्यात भाषेची चार कौशल्ये एकमेकांपासून कशी दुरावली आणि त्यांपैकी श्रवणाची प्रतिष्ठा कशी घटत गेली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर सुमारे दोन शतके साष्टी पोर्तुगीजांकडे होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली; धारावीच्या किल्ल्यासाठी झुंजी झाल्या; आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत वसई पडली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्यासह साष्टी जिंकली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने तिच्यावरील त्यांचा ताबा कायम झाला. अडीचशे वर्षांत दप्तर पोर्तुगीजांकडून मोडी मराठीकडे वळले आणि अखेरीस त्याच्या शिरोभागी इंग्रजी येऊन बसली.

दप्तराची भाषा पालटली, तरी बाजारातील व घरातील भाषा पालटली नाही. येथील कोळी, आगरी व ख्रिस्ती यांच्या बोली एकमेकींपासून काही अंशी भिन्न असल्या, तरी त्या उत्तर कोकणातील मराठीच्याच शाखा होत. 'ण' च्या ठिकाणी 'न', 'ळ' च्या ठिकाणी 'ल' आणि स्वरांमधील 'ड' च्या ठिकाणी 'र' हे त्यांचे ठळक विशेष; 'पाणी' चे 'पानी', 'डोळा' चा 'डोला', 'गाडी' ची 'गारी' अशी रूपे त्यांत नियमाने आढळतात. येथे 'नियमाने' हा शब्द महत्त्वाचा आहे. ही रूपे चुकीमुळे झालेली नाहीत. ती ध्वनिपरिवर्तनाच्या सुसंगत प्रवृत्तीची फळे आहेत.

परकीय भाषेशी या बोलीभाषकांचा जो संबंध आला, तो मुख्यत्वे कानांवाटे आला. पाव, पगार, बादली, घमेले, परात, बिजागरी हे पोर्तुगीज शब्द मराठीत शिरले ते पुस्तकातून नव्हे. 'चावी' या शब्दाची साक्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. आजच्या प्रमाण पोर्तुगीज भाषेत मूळ शब्दाचा आद्य ध्वनी 'श' सारखा आहे. सोळाव्या शतकात तो 'च' सारखा होता. मराठी कानाने त्या काळचा उच्चार टिपला आणि पोर्तुगालच्या प्रमाण भाषेने तो सोडल्यावरही जपून ठेवला. निरक्षर मानल्या गेलेल्या माणसांच्या श्रवणाची अचूकता यावरून सिद्ध होते.

३

राज्यकर्त्यांना व धर्मोपदेशकांना मात्र श्रवणाची ही वाट सहजासहजी मोकळी नव्हती. त्यांना प्रजेचे बोलणे समजत नव्हते. आरंभी दुभाष्यांवर काम चालत असे. पोर्तुगीज कागदपत्रांत दुभाष्याला जो शब्द येतो त्याचा अर्थ 'जीभ' असा आहे. गोव्यात पुढे सरकारी दुभाष्याचे पदही होते आणि त्याचे नाव 'राज्याची जीभ' या अर्थाचेच होते. या नावातून राज्यकर्त्यांची एक भूमिका नकळत प्रकट होते. राज्याने आपल्यासाठी जीभ नेमली. कान मात्र नेमला नाही.

तहनामे व महसूल यांचे व्यवहार दुभाष्याकडून उरकता येत. पापनिवेदनाचा विधी तसा उरकता येत नसे. ख्रिस्ती धर्मात पापनिवेदन हे धर्मगुरू व श्रद्धावान या दोघांमधील गुप्त बोलणे आहे. तेथे तिसरा माणूस आला की विधीचे स्वरूपच बिघडते. म्हणून धर्मगुरूने स्वतः लोकभाषा शिकावी, हा विचार चर्चला टाळता येईना. १६०६ च्या गोव्यातील पाचव्या प्रांतिक धर्मपरिषदेने असे ठरविले की, स्थानिक भाषा न जाणणाऱ्या धर्मगुरूकडे कोणताही धर्मग्राम सोपवू नये. आणि जे आधीच पदावर आहेत त्यांनी सहा महिन्यांत त्या भाषेची परीक्षा न दिल्यास त्यांचे पद जावे. शिकण्याचे ओझे या ठिकाणी सत्तेच्या बाजूस उभ्या असलेल्या माणसावर टाकलेले दिसते.

या गरजेतूनच आपल्या किनाऱ्यावरील पहिली व्याकरणे जन्मली. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्स यांची कर्मभूमी गोव्यातील सासष्टी. ठाण्याची साष्टी ती हीच नव्हे. तथापि उत्तरेकडील साष्टी-वसईच्या प्रदेशासाठीही सतराव्या शतकात एका अज्ञात पोर्तुगीज मिशनऱ्याने निराळे व्याकरण रचले. जोआकीं एलिओदोरु द कुन्य रिव्हारा यांनी ते १८५८ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या शीर्षकात 'कोंकणी भाषेची उत्तरेकडील बोली' असा उल्लेख आहे. गोव्याहून पाहणाऱ्यास हा प्रदेश उत्तर वाटला आणि कोकणातील म्हणून भाषेला कोंकणी हे नाव मिळाले. वर्णिलेली बोली मात्र उत्तर कोकणातील मराठीच्या कुळातील आहे. साष्टीच्या सामान्य लोकांचे बोलणे नियमबद्ध व अभ्यासयोग्य आहे, अशी ग्रंथरूप कबुली त्या काळी एका परक्याने दिली. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे विसरता कामा नये. पण ज्याला समजून घ्यावयाचे आहे त्याने लोक बोलतात तसेच ऐकले पाहिजे, ही शिस्त त्या हेतूनेच त्याच्यावर लादली.

याच्या नेमके उलटे धोरण लवकरच पुढे आले. २७ जून १६८४ रोजी गोव्याचा व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट याने हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. १६०६ च्या ठरावात राज्यकर्त्यांच्या बाजूच्या माणसाने प्रजेची भाषा ऐकावयास शिकावयाचे होते. १६८४ च्या हुकमात प्रजेने राज्यकर्त्यांची भाषा बोलावयास शिकावयाचे होते. पहिल्यातून व्याकरणे, कोश व पुराणे निपजली. दुसऱ्याचा उद्देश गोव्यातही तीन वर्षांत सफल झाला नाही, आणि तेथील लोकभाषा आजही जिवंत आहे. हुकमाने जीभ वळविता येत नाही, हा या दोन दाखल्यांतून निघणारा पहिला निष्कर्ष होय.

४

श्रवणाची प्रतिष्ठा केवळ मिशनऱ्यांच्या गरजेवर अवलंबून होती असे नाही. ती या भूमीच्या परंपरेतच होती. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणभक्तीस दिला असून, अनेक मार्गांचे व विषयांचे ऐकावे, ऐकलेल्यातील सार घ्यावे व असार टाकावे, असा त्याचा रोख आहे. ऐकणे ही येथे निवड करण्याची बौद्धिक क्रिया मानलेली आहे. त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा राखाव्यात, ग्रंथ कसा जपावा, याचे मोठे बारकाईचे मार्गदर्शन त्यात आढळते. पण त्याचा आरंभच ब्राह्मणाने बाळबोध अक्षर सुंदर करावे या उपदेशाने होतो. सतराव्या शतकातील भाषाव्यवहाराची रचना या दोन समासांच्या अंतरात दिसून येते. श्रवण सर्वांसाठी होते. लेखन काहींचे होते.

त्यामुळे वाचन ही एकट्याने मूकपणे करावयाची गोष्ट नव्हती. एकाने वाचावे आणि अनेकांनी ऐकावे, ही पोथीवाचनाची सर्वमान्य रीत होती. स्टीफन्स यांनी आपले ख्रिस्तपुराण याच रीतीत बसविले. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन अक्षरांत छापलेल्या या सुमारे ११,००० ओव्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या भाषेविषयी स्पष्टीकरण दिले आहे. शुद्ध मराठीतील कित्येक शब्द सामान्य श्रोत्यास कळणार नाहीत, म्हणून स्थानिक बोलीतील सोपे शब्द मिसळले, असा त्याचा आशय आहे. लेखनाने श्रवणाचा निर्णय मान्य केल्याचे हे उदाहरण होय. या पुराणाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली १९५६ मध्ये निघाली. म्हणजे सुमारे ३४० वर्षे मराठीतील हा महत्त्वाचा ग्रंथ बहुसंख्य मराठी वाचकांना अपरिचित लिपीत राहिला.

उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाचे स्वतःचे पुराण म्हणजे फ्रांसिश्कु वाझ द गिमारांइश यांचे. येशूच्या दुःखभोगावरील हे काव्य १६५९ मध्ये लिस्बन येथे रोमन लिपीत छापले गेले, आणि १८४५ मध्ये मुंबईत त्याचे पुनर्मुद्रण झाले. या दोन सालांच्या मध्ये १७३९ येते. वसईच्या पाडावानंतर या प्रदेशात पोर्तुगीज राज्य उरले नाही आणि चर्चला राज्याचा आधार उरला नाही. तरीही एक शतकानंतर या काव्याला मुंबईत मुद्रक मिळाला व वाचक मिळाले. ग्रंथ छापील असला तरी त्याचे खरे आयुष्य वाचून दाखविणाऱ्याच्या आवाजात व श्रोत्यांच्या स्मरणात होते, असे यावरून अनुमान करता येते. या समाजात ऐकणे व बोलणे मराठीच्या बोलीत, उपासनेचा विधी लॅटिनमध्ये आणि अक्षरे रोमन, अशी कौशल्यांची तिहेरी वाटणी तेव्हाच पक्की झाली होती. विधीची भाषा बदलण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची वाट पाहावी लागली. डिसेंबर १९६३ मधील तिच्या उपासनाविषयक घोषणापत्राने लोकभाषेला वाव दिला आणि कानावर पडणारी प्रार्थना कळू लागली.

५

एकोणिसाव्या शतकात भाषाशिक्षणाचा केंद्रबिंदू कानावरून कागदावर सरकला. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले. तेही परक्यांना मराठी शिकविण्यासाठीच होते. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यापुढे मराठी व्याकरण हा मराठी मुलांच्या शालेय अभ्यासाचा विषय झाला. या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. मराठी गद्य, वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके आणि सार्वजनिक चर्चा यांचा विकास प्रमाण भाषेच्या पायावरच होऊ शकला. परंतु व्याकरणाचा प्रश्न त्यामुळे बदलला. सतराव्या शतकातील मिशनरी 'हे लोक काय म्हणतात?' असे विचारीत होता. एकोणिसाव्या शतकातील शाळा 'हे शुद्ध आहे काय?' असे विचारू लागली. 'पानी' म्हणणारे कोळ्याचे मूल पहिल्या प्रश्नापुढे माहितगार होते. दुसऱ्या प्रश्नापुढे ते चुकीचे ठरले. मुलाच्या बोलण्यात काडीइतका फरक पडला नव्हता.

ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत याच शतकात आणखी एक वळण आले. कंपनीच्या व पुढे सरकारच्या नोकऱ्यांमुळे इंग्रजी शिक्षणाचे महत्त्व वाढले. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले व मुंबईत आपली संस्था स्थापन केली. मुंबई परिसरातील सर्वांत जुन्या मराठी बोलींपैकी एक बोलणाऱ्या समाजाचे अधिकृत नाव इंग्रजी झाले, कारण ज्यांना ते वाचून दाखवावयाचे होते ते इंग्रजी वाचणारे होते. घरात मराठी बोली आणि अर्जात इंग्रजी, ही नवी वाटणी त्या नावात नोंदली गेली आहे.

बोलींकडे शास्त्राचे लक्ष पुन्हा गेले ते ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात. त्याचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. कोळी, आगरी आणि ठाण्याच्या ख्रिस्ती लोकांची 'किरिस्तांव' या बोलींची त्यात स्वतंत्र नोंद आहे. ही कामगिरी थोर होय; पण तिची पद्धतही पाहिली पाहिजे. बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दाखल्याचे प्रत्येक बोलीत लेखी भाषांतर मागविणे हे त्या सर्वेक्षणाचे मुख्य साधन होते. नमुने सरकारी अधिकाऱ्यांमार्फत कागदावर जमा झाले. मच्छीमार स्त्री गिऱ्हाइकाशी काय बोलते, मिठागराचा बांध फुटू लागला असता मजूर एकमेकांना कशी हाक देतात, हे भाषांतरित दाखल्यात येणे शक्य नव्हते. बोलीची रूपे टिपली गेली; बोलण्याचा प्रसंग निसटला.

हा निसटलेला भाग किती मोठा आहे, याची जाणीव विसाव्या शतकातील भाषाशास्त्राने करून दिली. रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये भाषिक व्यवहाराचे सहा घटक मांडले : बोलणारा, ऐकणारा, संदेश, संदर्भ, संकेतव्यवस्था आणि दोघांमधील संपर्क. या सहांपैकी लेखी नमुन्यात संदेश व संकेतव्यवस्था तेवढी नीट दिसतात. पुढे डेल हाइम्स यांनी, भाषा येणे म्हणजे केवळ व्याकरणशुद्ध वाक्य रचता येणे नव्हे, तर कोणाशी, कोठे, केव्हा, काय बोलावे हे कळणे होय, असे प्रतिपादिले. मासळीचा 'वाटा' लावून बसलेली स्त्री समोरच्या माणसाच्या पहिल्या शब्दावरून त्याची भाषा ओळखते, त्याच भाषेत भाव सांगते, आणि शेजारणीशी आपल्या बोलीत बोलून तो कितपत ताणावा याचा अंदाज घेते. हाइम्स यांच्या अर्थाने ती भाषाप्रवीण आहे.

६

जनगणनेच्या अर्थाने मात्र ती निरक्षर असू शकते. भारतीय जनगणनेत सात वर्षे व त्यावरील वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते, ती साक्षर. केवळ वाचता येणारी व्यक्तीही साक्षरांत धरली जात नाही. मातृभाषेखेरीज अवगत असलेल्या आणखी दोन भाषांची नोंद जनगणनेत होते. पण साक्षरतेच्या मोजणीत ऐकण्या-बोलण्याला स्थान नाही. लेखन-वाचनाचा प्रसार आवश्यक आहे आणि निरक्षरतेने माणसाची किती पिळवणूक होते हे गहाणखते व कर्जरोखे यांच्या इतिहासावरून सर्वश्रुत आहे. आक्षेप साक्षरतेच्या प्रसाराला नाही. चारांपैकी दोन कौशल्ये मोजल्याने उरलेली दोन नाहीतच असा जो समज दृढ होतो, तो घातक आहे.

या समजाचे परिणाम आज त्याच भूमीवर दिसत आहेत. मिरा-भाईंदर येथे १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. गुजराती, मारवाडी, हिंदी आणि इतर अनेक भाषा बोलणारे लोक येथे स्थायिक झाले असून, मूळच्या कोळी, आगरी व ईस्ट इंडियन वस्त्या त्यांच्या मानाने अल्पसंख्य झाल्या आहेत. २०२५ मध्ये मिरा रोड येथे मराठी बोलण्याच्या प्रश्नावरून मारहाणीचा प्रकार घडला, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले. राज्याची भाषा नवागतांनी शिकावी ही अपेक्षा न्याय्यच आहे. त्या अपेक्षेपुढे १६०६ आणि १६८४ असे दोन्ही मार्ग इतिहासाने मांडून ठेविले आहेत. एका मार्गात मुदत होती, परीक्षा होती, आणि तिच्या पाठोपाठ शिकण्यासाठी व्याकरणही तयार झाले. दुसऱ्या मार्गात मुदत होती आणि हुकूम होता. बोलण्याची सक्ती ऐकण्याच्या सोयीवाचून फळाला येत नाही, हे या किनाऱ्याने एकदा पाहिलेले आहे.

याबरोबर दुसराही प्रश्न येतो : नवागताने ऐकावयाची ती मराठी कोणती? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हा दर्जा प्राचीन ग्रंथ, शिलालेख व वाङ्मयपरंपरा यांच्या, म्हणजे लेखनाच्या, आधारावर मिळाला. उत्तन किंवा राई येथील बोलीला असा लेखी पुरावा फारसा देता येणार नाही. तिचा पुरावा तिच्या बोलणाऱ्यांच्या मुखात आहे. शहराची भाषा मराठी असावी असे म्हणताना, त्या शहरात सर्वांत आधीपासून बोलली जाणारी मराठी शाळेत चूक म्हणून खोडली जात असेल, तर त्या आग्रहाचा पाया तितका कच्चा राहतो. ठाणे जिल्ह्यातील प्रौढ अमराठी भाषकांसाठी ऐकण्या-बोलण्यावर आधारलेली पाठमाला तयार करणे, आणि कोळी, आगरी व ईस्ट इंडियन बोलींतील संभाषणांचे ध्वनिमुद्रित संग्रह जमविणे, ही दोन कामे म्हणून एकाच कामाची दोन अंगे ठरतात. पहिले नवागताच्या कानासाठी आहे, दुसरे मराठी विद्यापीठांच्या कानासाठी.

सतराव्या शतकातील त्या अज्ञात मिशनऱ्याने साष्टीच्या शेतकऱ्या-कोळ्यांचे बोलणे ऐकले व त्याचे नियम लिहून काढले. ते व्याकरण छापले जाण्यास दोन शतके लागली. आज ज्या वृद्धांच्या तोंडी ही बोली अस्खलित आहे, त्यांच्या बाबतीत इतका अवधी उपलब्ध नाही.